आधी माणसं, मग भिंती

जुलैत एका सकाळी न्हाणीघराच्या छतावर डाग दिसला. फिकट पिवळा, कडेला तपकिरी. बोट लावलं की भुसभुशीत रंग हाताला यायचा. चार दिवसांत तो पसरत दिव्याच्या वायरीपर्यंत पोचला आणि बादलीत पहिला थेंब पडला. वरच्या घरी कळवायला गेले. दार उघडणारे गृहस्थ आणि मी कितीतरी वर्षं एकाच लिफ्टनं ये-जा करत होतो. चेहरा ओळखीचा, नाव माहीत नाही. ते लगेच माझ्याबरोबर खाली आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मान वर करून उभे राहिले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे ही माझी फरशी?" मी म्हटलं, "हो, आणि माझं छत."

जेमतेम पाच-सहा इंचांचा तो स्लॅब. त्याच्या वर त्यांच्या मुलाची आंघोळ, खाली माझ्या कपड्यांची बादली. एवढ्या जवळ आम्ही राहत होतो. टेरेसमधून पाणी गळलं तर दुरुस्ती सोसायटीनं करायची. वरच्या न्हाणीघरातून गळलं तर दोन घरांनी आपसात मिटवायचं, अशी साधारण रीत आहे. पण आपसात मिटवायला आधी आपसात काही असावं लागतं. ते त्या दिवशी, त्या डागाखाली सुरू झालं. ते कोचीचे, बायको नागपूरची, मुलाला दहावीत गणिताची धास्ती. वॉटरप्रूफिंग होईपर्यंत त्यांच्याकडून दोनदा फणसाचे तळलेले काप आले आणि माझ्याकडून पुरणपोळ्या गेल्या.

त्याच निमित्तानं घराची फाइल काढली. जुने करार, मुद्रांक शुल्काच्या पावत्या, आणि तळाशी शेअर सर्टिफिकेट. बँकेचं कर्ज फिटल्यावर परत आलेलं, कडा दुमडलेल्या. त्यावर लिहिलं होतं की मी अमुक सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद असून माझ्याकडे प्रत्येकी पन्नास रुपयांचे दहा भाग आहेत. पाचशे रुपये. ज्या घरासाठी आयुष्याची मधली वीस वर्षं हप्ते भरले, त्याचा हा कागद पाचशे रुपयांचा आहे. खाली अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कमिटीतल्या एकाची सही, आणि गोल शिक्का. मला तो कागद आवडतो. आपण सगळे बोलताना "माझा फ्लॅट" म्हणतो. कागद मात्र सांगतो की जमीन, जिना, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली हे सगळं मिळून एकच काहीतरी आहे आणि त्यात तुमचा वाटा आहे. वाटा हातात धरून दाखवता येत नाही. त्याच्यासोबत माणसं येतात, आणि ती निवडायची सोय नसते.

असा कागद मी लहानपणी पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत गावदेवीला. आईची एक शिक्षक-मैत्रीण तिथल्या सारस्वत सोसायटीत राहायची. कारवारकडची, घरात कोकणी. तिची मुलं-भाचरं तिला पाच्ची म्हणत, म्हणून मीही पाच्चीच म्हणायचे. मे महिन्यात आई मला घेऊन चार दिवस तिच्याकडे जायची. ग्रँट रोडला उतरून चालत जायचं. स्टेशनचा कलकलाट दोन वळणांत मागे पडायचा आणि झाडांच्या सावलीचे रस्ते सुरू व्हायचे. पाच्चीच्या घराचं दार दुपारी दोन ते चार सोडलं तर कधी लावलेलं पाहिलं नाही. दाळीतोयच्या फोडणीतला हिंग जिन्यापर्यंत यायचा. तो कुठल्या घरातला हे सांगता येत नसे, कारण बहुतेक घरांत तेच शिजत असे. जिन्याच्या वळणावर खिडकी होती. तिच्या रुंद कट्ट्यावर आम्ही मुलं कॅरमच्या सोंगट्या मांडून बसायचो. वरखाली जाणारं प्रत्येक मोठं माणूस थांबून एखादी सोंगटी हलवायचं, काहीतरी टोकायचं आणि पुढं जायचं. तिथं कुणाचंही मूल कुणालाही टोकता येत होतं. मला त्याचं नवल वाटायचं. आमच्याकडे तो अधिकार नात्यातल्यांपुरता होता.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाच्ची "भाडं" भरायला जायची. त्या वयात मला वाटायचं, भाडं म्हणजे मालक आला. आमच्या चाळीचा मालक मी पाहिलेला होता. तो आला की बायका गॅलरीतून आत जात आणि पुरुष बाहेर येत. मी पाच्चीला विचारलं, "तुमचा मालक कुठं राहतो?" तिनं ट्रंकेतून तो कागद काढून दाखवला. पिवळा पडलेला, इंग्रजी अक्षरांचा. म्हणाली, "आम्हीच." मला काही समजलं नाही. स्वतःच भाडेकरू आणि स्वतःच मालक ही गोष्ट समजायला मला नोकरी लागेपर्यंत थांबावं लागलं.

ती सोसायटी १९१५ मध्ये स्थापन झाली. मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतात. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्याआधी १९०६ मध्ये त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावानं सहकारी पतसंस्था काढली होती. तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. १९११ मध्ये कानडा सारस्वत असोसिएशन उभी राहिली. आधी पैशाची अडचण मिळून सोडवायची, मग एकत्र भेटायला जागा, मग राहायला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. एकमेकांना दहा-वीस रुपये उसने देऊन परत घेण्याचा सराव झालेल्या माणसांनी घर बांधायला घेतलं.

ही माणसं शिराळी, होन्नावर, कुमठा, कारवारकडून आलेली. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला, आणि शिकलेल्या पोरांना मुंबईची सरकारी कचेरी, रेल्वे, पोस्ट, शाळा असे रस्ते मोकळे झाले. कारकुनी पगार, गिरगावातली खोली, गावाकडून शिकायला आलेला भाचा, बाळंतपणाला आलेली बहीण, आणि आगबोटीनं नेमानं येणारे नारळ. घरमालकानं भाडं वाढवलं तर सामान उचलायचं. अशा माणसांनी ठरवलं की आपण थोडे थोडे पैसे घालू, कर्ज काढू, जागा घेऊ, इमारती बांधू. इमारती संस्थेच्या राहतील आणि आपण संस्थेचे भाडेकरू. त्या काळात या पद्धतीला भाडेकरू-सहभागीदारी असं काहीसं नाव होतं. लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये १९०१ मध्ये हाच प्रयोग सुरू झाला होता. गावदेवीनंतर वर्षभरात, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सनसेट पार्क भागात फिनलंडहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांनी आपली पहिली सहकारी इमारत उभी केली. मला ही तारखांची जवळीक विलक्षण वाटते. कारवारी कारकून आणि फिनलंडचा सुतार यांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. दोघंही आपलं गाव सोडून बंदराच्या शहरात आले होते आणि दोघांनाही परक्या घरमालकाचा धाक होता.

गावदेवीत मोकळी आखीव जागा मिळाली त्यामागे एक काळी गोष्ट आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. शहर निम्मं रिकामं झालं. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवा-उजेड येईल असे रस्ते काढायचे, नव्या वसाहती आखायच्या, हे त्याचं काम. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, गावदेवीतला ह्यूज रोड, पुढे दादर-माटुंगा. आज ज्या रुंद रस्त्यांचं आणि झाडांचं आपण कौतुक करतो, ते रोगाच्या भीतीतून आखले गेले आहेत.

त्याच ट्रस्टनं कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळीत दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशकं राहिले. तिथून परदेशी शिकायला गेले, तिथंच परत आले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं. तो भागही ट्रस्टच्याच योजनेतला. एकाच ट्रस्टच्या नकाशावर हे सगळं होतं, आणि त्या नकाशावरच्या कुठल्या भागात कोण राहील हे बरंचसं जात ठरवत होती. गावदेवीच्या सोसायटीत सारस्वत, वांद्र्याला साल्सेट कॅथलिक सोसायटीत ख्रिस्ती, दादरला पारशांची वसाहत. पाच्चीच्या जिन्यावर हिंगाचा वास कुठल्या घरातून येतो ते कळत नसे, कारण सगळी घरं एकाच जातीची होती. आमच्यासारखी माणसं तिथं पाहुणी म्हणूनच जायची. लाड खूप झाले, पण सभासद होण्याचा प्रश्नच नव्हता. त्या उघड्या दारांची आठवण मला आजही सुखावते, आणि तरी हे लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्यासारख्याच माणसांशी सहकार करणं सोपं असतं. देवळात, लग्नात, पतपेढीत रोज भेटणाऱ्यावर विश्वास ठेवायला धाडस लागत नाही. तो विश्वास खरा होता, उपयोगी होता, आणि त्याला कुंपणही होतं. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं कुंपण नियमावलीत घालायला हरकत नाही असं म्हटलं. निकाल वाचला तेव्हा मला पाच्चीचा जिनाही आठवला आणि परळची चाळही.

पण त्या इमारतींचं एक मोठेपण मान्य करावंच लागतं. मुंबईत युद्धापूर्वीच्या घरांची एक सरकारी तारीख आहे: १ सप्टेंबर १९४०. त्याआधी बांधलेल्या, भाड्यानं दिलेल्या इमारती उपकराच्या 'अ' वर्गात बसतात, आणि १९४७ च्या भाडे कायद्यानं कित्येक घरांची भाडी त्याच तारखेच्या आकड्यावर गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. मधे पागडी आली. गिरगाव-काळबादेवीत अशा कितीतरी इमारती लाकडी टेकूंवर उभ्या राहिल्या, पावसाळ्यात पडल्या, माणसं गेली. त्याच काळात, त्याच चुन्या-विटांच्या सहकारी इमारतींत भाडं घेणारा आणि देणारा एकच होता. छत गळलं तर सभेत ठरायचं, सगळ्यांच्या खिशातून थोडं थोडं जायचं, कुरकुर व्हायची, आणि छत दुरुस्त व्हायचं. पाच्चीच्या यजमानांनी कमिटीत असताना हातानं लिहिलेल्या हिशेबाच्या वह्या मी पाहिल्या आहेत. चुना, खिळे, गवंड्याची मजुरी, जिन्यातल्या दिव्याचा बल्ब. डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे पै-आण्यांत रक्कम, आणि एका पानाच्या खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं: 'श्री. — यांना पुढील महिन्यापर्यंत मुदत.' नाव मी लिहीत नाही. कोणाला तरी भाडं जमलं नव्हतं आणि चार शेजाऱ्यांनी थांबायचं ठरवलं होतं, एवढं त्या ओळीत आहे. त्या माणसाला खोली सोडावी लागली नाही, हे त्याच वहीच्या पुढच्या पानावर कळतं.

आता मी पवईत राहते. इथला क्रम उलटा आहे. पवईची टेकडी पूर्वी दगडाच्या खाणींची. त्याही आधी, १८३० च्या दशकात, हे सगळं गाव फ्रामजी कावसजी बानाजी यांच्याकडे होतं. त्यांनी आमराया लावल्या आणि इथले आंबे १८३८ मध्ये राणी व्हिक्टोरियाला पाठवले, असं सांगतात. १८९१ मध्ये शहराला पाणी हवं म्हणून मिठीच्या एका ओहोळावर बांध घालून तलाव केला. ते पाणी पिण्यालायक ठरलं नाही, पण तलाव राहिला. १९५८ मध्ये आयआयटी आली, आणि तलावाकाठचं पद्मावतीचं देऊळ तिच्या आवारात गेलं. मग ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून खाणींच्या जागी टॉवर उभे राहू लागले. उंच, पांढरट, ग्रीक खांबांचे, कमानींचे. ग्रीस आणि रोम इथं का, असा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा. आता पडत नाही. पावसात ढग खाली उतरतात, तेव्हा वरचे मजले दिसेनासे होतात आणि खालचे खांब तेवढे ओले उभे असतात. ते मला पाहायला आवडतं.

इथं इमारत आधी आली. नकाशा, नमुना फ्लॅट, बुकिंग, कर्ज, ताबा. घरं विकली गेल्यावर कायद्याप्रमाणे सोसायटी करायची असते म्हणून ती झाली. आमची पहिली सभा स्टिल्टमध्ये, गाड्यांच्या मधल्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली. ज्यांच्याशी आयुष्यभराचा व्यवहार आपण आधीच करून बसलो होतो, त्यांची तोंडं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बंगाली, मल्याळी, गुजराती, पंजाबी, दोन मराठी घरं, एक तेलुगू जोडपं नुकतं लग्न झालेलं. इंग्रजीत सुरुवात झाली, हिंदीत भांडण झालं, आणि कुठल्याही भाषेत काही ठरलं नाही. त्या रात्री मला गावदेवीची फार आठवण आली. तिथं आधी माणसं एकत्र झाली आणि मग भिंती बांधल्या. आम्हाला भिंती तयार मिळाल्या होत्या.

या सोसायटीत माणसं हळूहळू एकत्र आली, आणि त्यात बहुतेक वेळा पाण्याचा हात होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार-पवई तलाव भरून वाहिले, मिठी फुगली, साकीनाक्याला दरड कोसळली. आमच्याकडे वीज गेली, पंप बंद, टाक्या रिकाम्या. कामावर गेलेले निम्मे लोक परतले नव्हते. संध्याकाळी ज्या घरांत गॅसचा सिलिंडर भरलेला होता, तिथं भात शिजला. मेणबत्त्या लावून जिन्याच्या पायऱ्यांवर बसून आम्ही खाल्लं. पहाटे चारला विक्रोळीहून चालत आलेल्या शेजाऱ्याला कोणी चहा दिला, ते त्याला आजही माहीत नाही. नंतर २०२० चा मार्च आला, टाळेबंदी लागली, आणि सगळा जिना बंद दारांचा झाला. तेव्हा आमच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजींना औषधं पोचवणारी मुलगी ही त्या पहिल्या सभेतल्या, नुकतं लग्न झालेल्या तेलुगू जोडप्याची होती. ती या इमारतीतच जन्मली. तिच्यासाठी आधी काय आणि मग काय, हा प्रश्नच नव्हता.

कुंपणं इथंही आहेत. जातीचं नाव कुणी घेत नाही एवढंच. घर भाड्यानं देताना "खातात काय?" असं हळू आवाजात विचारलं जातं. एकट्या मुलींना, आयआयटीतल्या पोरांना एनओसीसाठी खेटे घालावे लागतात. मी कमिटीत होते तेव्हा यावर भांडले, काही वेळा जिंकले. नियम पुष्कळ चांगले आहेत. ते माणसाच्या बाजूनं वाचायचे की विरुद्ध, हे दर वेळी नव्यानं ठरतं, आणि ते ठरवायला सभेला जावं लागतं. आमच्या वार्षिक सभेला कोरम भरायला अर्धा तास थांबावं लागतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पाच्चीच्या सोसायटीच्या सभेला म्हणे बायका स्वयंपाक लवकर उरकून जायच्या.

गावदेवीला मधे जाऊन आले. पाच्ची नाही. आसपास जुन्या घरांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिलेत. सहकारी इमारतींतही पुनर्विकासाची चर्चा निघते; निम्म्याहून अधिक सभासदांचा होकार पुरेसा होतो, आणि शंभर वर्षांच्या भिंतीला चटईक्षेत्राच्या आकड्यापुढे बोलता येत नाही. माझा त्याला सरसकट विरोध नाही. गुडघे दुखणाऱ्या सभासदाला लिफ्ट हवीच. मला वाटतं ते एवढंच की जिन्याच्या वळणावरचा तो कट्टा कुठल्याच चटईक्षेत्रात मोजला जात नाही, आणि नव्या नकाशात तो कुणी मागणारही नाही.

पवईत गावदेवीची खरी वारसदार कोण, असा विचार मी पूर्वी करायचे तेव्हा आमच्या टॉवरांकडेच पाहायचे. टेकडीकडे माझं लक्ष नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे चढावर घरं आहेत, पत्र्याची, विटांची, दोन मजली, दरडीला लागून. पावसाळ्यात महापालिकेची नोटीस दारावर चिकटते. तिथल्या एका गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पाटी आहे. देवाचं नाव, पुढे 'सहकारी गृहनिर्माण संस्था', आणि कंसात 'नियोजित'. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत रहिवाशांनी आधी संस्था करायची असते. निम्म्याहून अधिक जणांची संमती, परिशिष्ट दोनची यादी, कोण पात्र कोण अपात्र, २००० सालापूर्वीचा पुरावा कुणाकडे आहे. विकासक, नकाशा, इमारत हे सगळं नंतर, आणि कधी कधी पंधरा-वीस वर्षं येतच नाही. तोपर्यंत असते ती फक्त सोसायटी. भिंत नाही, छत नाही, लिफ्ट नाही. माणसं, सह्या आणि दर रविवारी मारुतीच्या देवळासमोर सभा.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी त्या संस्थेच्या कमिटीत आहेत. माणदेशातल्या. दुष्काळात आई-वडिलांबरोबर मुंबईला आल्या, तेव्हापासून टेकडीवर. आमच्या इमारतीतल्या सहा घरांत त्यांचं काम. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा नळ गळतो, कुणाचा मुलगा रुसून बसलाय, हे सेक्रेटरीच्या आधी त्यांना कळतं. आमच्या न्हाणीघराच्या छताकडे पाहून त्यांनीच सांगितलं होतं की वरच्यांचा गीझरचा पाइप आतून पाझरतोय. प्लंबरनं दोन दिवस फरशी फोडल्यावर तेच निघालं.

परवा पोळ्या झाल्यावर त्या स्वयंपाकघरात घुटमळल्या. पिशवीतून नवी कोरी, लाल पुठ्ठ्याची वही काढली. म्हणाल्या, "ताई, तुम्ही कमिटीत होतात ना? ते मिनिट्स कसं लिहायचं ते दाखवा. आमचा सेक्रेटरी नुसता फोनमध्ये लिहितो, मग उद्या कोण म्हणतं असं ठरलंच नव्हतं."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. वर तारीख, वेळ, जागा. मग विषय. कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिलं. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. अक्षर टपोरं आणि सरळ. 'उपस्थित सभासद' असं लिहून त्यांनी पेन थांबवलं.

"यात बायकांची नावं लिहायची का? झोपडे तर समदे नवऱ्यांच्या नावावर हायेत. सभेला मात्र बायकाच येतात. गडी माणसं झोपलेली असतात, नाहीतर कामाला."

मी सांगितलं की नव्या घराचं वाटप नवरा-बायको दोघांच्या नावानं व्हायचं असतं, तशी तरतूद आहे. तेव्हा जी आली तिचं नाव लिहा. त्या थोडा वेळ वहीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या गल्लीतल्या दोन-तीन जणांना हे चालणार नाही, हे त्यांना माहीत होतं. विकासकाच्या माणसालाही कदाचित नाही. त्याला यादी जेवढी लहान तेवढी बरी.

"लिहिते," त्या म्हणाल्या. "रविवारी वाचून दाखवते सगळ्यांसमोर. मग बघू कोण काय बोलतं ते."